पाडण्याआधी टेकू

व्हाइटफील्डचा इनर सर्कल 1882 मध्ये डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसला. जमीन म्हैसूरच्या महाराजांनी दिली. गोल रस्त्याभोवतीचे जुने कौलारू बंगले आता मोजकेच उरलेत. अशा घरांबाबत ‘धोकादायक आहे, पाडा’ हे फार लवकर बोलले जाते. एक कौल सरकले की पाणी वाशात मुरते, वासा कुजतो, मग भिंत फुगते. यात कित्येक पावसाळे जातात. तेवढ्या काळात छप्पर शाकारले का नाही, हे कोणीच विचारत नाही!

मुंबईचे एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, पाहा. 1896 मध्ये भारतातला पहिला चित्रपट तिथे दाखवला गेला. 2005 मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, 2019 मध्ये ती रिकामी केली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली. वारसातज्ज्ञ मात्र म्हणाले, ओतीव लोखंडाचा सांगाडा वाचवता येईल. आधी माणसे बाहेर काढली, हे योग्यच झाले.

माझ्या मते इनर सर्कलमध्येही हाच क्रम हवा: माणसे बाहेर, भिंतीला टेकू, मग मालकाशी किंवा बिल्डरशी संबंध नसलेल्या अभियंत्याची तपासणी. पण खर्च एकट्या मालकावर टाकून ‘वारसा सांभाळा’ म्हणणे अन्यायाचे आहे. निदान घरपट्टीत तरी सूट द्या.