ऑथेल्लोला मत्सरी म्हणूं नका

शेक्सपीअरचें 'ऑथेल्लो' आपल्या रंगभूमीला नवें नाहीं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं त्याचें भाषांतर केलें. १८९० सालीं गोविंद बल्लाळ देवलांनीं त्यावरूनच 'झुंझारराव' रचलें. आम्हांला ट्रेनिंग कॉलेजांत एकच पाठ मिळाला कीं, हा काळा सरदार जात्याच मत्सरी, म्हणून त्यानें निरपराध बायकोचा जीव घेतला. हा पाठ आम्हांला साफ नामंजूर आहे.

शेतकरी बांधवहो, हकीकत ऐका. ऑथेल्लो एकदां गुलाम म्हणून विकला गेलेला. पुढें मनगटाच्या जोरावर व्हेनिसचा सेनापति झाला. (१६०४ सालीं लंडनच्या दरबारांत हें नाटक झालें, त्याच सुमारास इकडे निजामशाहीचा गाडा मलिक अंबर हांकीत होता. तोही हबशी, तोही बाजारांत विकलेला!) तुर्क चालून आला कीं व्हेनिसच्या कुलीनांना हाच सेनापति हवा. ब्रॅबान्शियो त्याला घरीं बोलावी, लढायांच्या गोष्टी ऐके. पण आपली मुलगी डेस्डेमोना हिनें राजीखुशीनें त्याच्याशीं लग्न लावलेलें कळतांच त्यानें जादूटोण्याची फिर्याद लावली, आणि जातां जातां बजावलें कीं, बापाला फसविणारी नवऱ्यालाही फसवील.

विष इथें पेरलें गेलें. इयागोनें त्याला पाणी घातलें. नोकरी गेलेल्या कॅसिओसाठीं डेस्डेमोना दयेपोटीं रदबदली करते, तर इयागो तिला व्यभिचार ठरवितो. पडलेला एक रुमाल पुरावा होतो. आपल्या देशाचीं, आपल्या रंगाचीं स्थळें टाकून ती तुझ्याकडे आली, त्यांत काळेंबेरें असलेंच पाहिजे, असें तो सुचवितो. आणि ऑथेल्लोला तें पटतें! कां पटतें? ज्याला जन्मभर 'तूं हलका' असें ऐकविलें, त्याला आपल्यावर कोणी मनापासून प्रेम करील हेंच खरें वाटत नाहीं. ह्याला मत्सर म्हणतां? दोघांना समोरासमोर बसवून विचारलें असतें तर घटकेंत उलगडा होता. पिटांतल्या पोरालाही सारें ठाऊक असतें.

रंगमंचावरही एकीला रुमालाचें ठाऊक होतें. इयागोची बायको एमिलिया, रुमाल तिनेंच उचलून नवऱ्याला दिला. डेस्डेमोनेनें विचारलें तेव्हां ती ठाऊक नाहीं म्हणाली; तोंड उघडलें तें खून झाल्यावर. तिला दोष देण्यापूर्वीं आम्ही आमचेंच सांगतों.

भाईंदरकडल्या आमच्या खाडीकांठच्या गांवांत मिठागरावरल्या एका मजुराची मुलगी कॉलेजांत जात असे. बापाचा खाडा पडूं नये म्हणून धाकट्या भावाच्या जातीच्या दाखल्यासाठीं कचेरीचे हेलपाटे तीच घाली, घरीं उशिरां येई. एका शहाण्यानें बापाच्या कानांत सांगितलें, पोरगी हाताबाहेर गेली, आपल्यासारख्यांच्या पोरी शिकल्या कीं असेंच व्हायचें. बापाला पटलें. तिला कोणीं विचारलेंच नाहीं. दाखल्याचे अर्ज आम्हींच लिहून दिले होते. गांवची कुजबूजही कानीं आली होती. दुसऱ्याच्या घरांत कशाला पडा, म्हणून आम्ही पंधरा दिवस गप्प बसलों. मग गेलों. बापानें सगळें ऐकून घेतलें, उठून फळीवरचा दाखला काढून दाखविला. आदल्या दिवशींच आला होता. मुलीचें कॉलेज त्याआधींच सुटलें होतें. ती आंत भाकऱ्या थापीत होती. बाहेर आली नाहीं.