चढणीची सायकल आणि घसाऱ्याचे खाते



दुकानात नवे यंत्र आले की त्याच दिवशी त्याच्या घसाऱ्याचे खाते उघडावे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. वजनकाटा असो, मालवाहू टेम्पो असो की गोदामातील वातानुकूलन यंत्र असो, ते किती वर्षे चालेल, दरवर्षी त्यातून किती वजा धरावयाचे आणि पुढे त्याच्या जागी नवे घेण्याची तरतूद कोठून करावयाची, याचा विचार खरेदीच्या पावतीबरोबरच होतो. घरात मात्र ही शिस्त सैल पडते. हौसेची वस्तू खर्चाच्या बाजूला एकदा नोंदली की पुढे तिचा हिशेब कोणी विचारीत नाही. विजेचे साहाय्य घेणारी डोंगरी सायकल, म्हणजे इलेक्ट्रिक माउंटन बाइक, ही अशाच वस्तूंपैकी एक. ती घेताना काय पाहावे याची चर्चा पुष्कळ होते. ती पाच-सात वर्षे सांभाळताना काय घडते, याविषयी फारसे बोलले जात नाही. या महिन्यात त्याचाच विचार करू.

या सायकलीचा वंश पाहिला की तिच्या हिशेबातील गुंतागुंत लगेच ध्यानात येते. खडबडीत उतारावर टिकणारी डोंगरी सायकल १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात आकाराला आली. पेडल मारताना मोटरने साथ देणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. आज तिच्यात बसणारी लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम व्यापारी स्वरूपात विक्रीस आणली होती. तीन स्वतंत्र शोध एका सांगाड्यात एकत्र आले, पण त्यांची आयुष्ये काही एक झाली नाहीत. ॲल्युमिनियमचा सांगाडा नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो. मोटर अनेक वर्षे चालते, पण तिच्यावरील हमी बहुधा दोनच वर्षांची असते. बॅटरी त्याहूनही लवकर थकू लागते. आणि साखळी, ब्रेकचे पॅड, टायर यांचे आयुष्य तर वर्षांत मोजण्याऐवजी किलोमीटरांत आणि पावसाळ्यांत मोजावे लागते. म्हणून हे एक खाते नसून एकाच पानावरची चार खाती आहेत.

सर्वांत लहान खाते झिजणाऱ्या भागांचे. साधी डोंगरी सायकल बारा ते चौदा किलोची, तर विजेची वीस ते पंचवीस किलोची असते. पेडलजवळ बसवलेली मोटर आपले सारे बळ साखळीतूनच मागच्या चाकाकडे पाठवते. साहजिकच साखळी आणि मागच्या दातेरी चकत्यांचा संच, ज्याला मेकॅनिक कॅसेट म्हणतात, साध्या सायकलीपेक्षा लवकर झिजतात. येथे एक सोपे माप उपयोगी पडते. साखळीच्या लागोपाठच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. त्यामुळे चोवीस अंतरांची लांबी नव्या साखळीत बरोबर बारा इंच, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर भरते. ही लांबी दीड मिलिमीटरने वाढली की साखळी अर्धा टक्का लांबली. अकरा-बारा गिअरांच्या सायकलीवर तेव्हाच ती बदलावी. ‘अजून चालते आहे’ म्हणून तीच ठेवली, तर लांबलेली साखळी कॅसेटचे दाते खाऊन टाकते, आणि कॅसेटची किंमत साखळीच्या कितीतरी पट असते. साखळी मोजण्याची पट्टी काही शे रुपयांत मिळते. ती प्रत्येक मालकाने घरात ठेवावी.

ब्रेक आणि सस्पेन्शन यांचेही असेच आहे. जड सायकल उतारावरून थांबवायची असल्यामुळे पॅड लवकर संपतात, आणि सह्याद्रीतील पावसाळ्यात चिखलमिश्रित पाणी ते अधिकच वेगाने घासते. पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या नळ्यांतील तेल सुमारे पन्नास तासांच्या वापरानंतर बदलावे, असे काही प्रमुख उत्पादक सांगतात. दर रविवारी तीन तास सायकल चालवणाऱ्याला हे काम वर्षातून तीनदा करावे लागेल. सायकल धुताना गाड्या धुण्याच्या दुकानातील जोरदार फवारा मोटरवर किंवा बेअरिंगवर कधीही मारू देऊ नये. त्या दाबाने पाणी सीलच्या आत शिरते, आणि आतल्या गंजाचा आवाज बाहेर ऐकू येतो तोवर उशीर झालेला असतो. बादलीभर पाणी, मऊ ब्रश आणि कोरडे फडके पुरेसे आहे.

आता मुख्य खात्याकडे वळू. परिचयातील एका घाऊक कापडव्यापाऱ्यांच्या घरी यावरून मोठा वाद झाला. पुण्यातील हे कुटुंब. मुलाने हौसेने घेतलेली सायकल तो संसारात आणि व्यापारात गुंतल्यावर वडिलांकडे आली. वडिलांनी साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे; साध्या सायकलीने घाट चढणे त्यांना शक्य राहिले नव्हते. मोटरची साथ मिळाल्यावर मात्र ते दर रविवारी सिंहगडाचा घाट चढू लागले. सहा वर्षांनी सायकलीच्या मूळ बॅटरीची धारणशक्ती दोन-तृतीयांशावर आली. नव्या मूळ बॅटरीसाठी विक्रेत्याने साठ हजार रुपये सांगितले. मुलाचे म्हणणे असे की जुन्या सायकलीवर इतका खर्च करण्यापेक्षा ती विकून टाकावी. पण जुन्या बॅटरीसह तिला मूळ किमतीच्या पाव भागही कोणी देईना. वडील काही बोलत नव्हते. त्यांचा रविवार मात्र पणाला लागला होता.

हा प्रश्न भावनेवर सोडू नये आणि पहिल्या धक्क्यात बसलेल्या किमतीवरही सोडू नये. प्रथम बॅटरीत किती ऊर्जा मावते ते पाहू. ५०० वॉट-तासांची बॅटरी म्हणजे अर्धे युनिट वीज. चार्जरमधील घट धरून एका पूर्ण भरणीला सुमारे ०.६ युनिट लागते. युनिटचा दर दहा रुपये धरला तरी खर्च सहा रुपये होतो. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण सुमारे ६०० मीटर. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन धरले, तर एवढे वजन तेवढे उंच नेण्यास निव्वळ १६३ वॉट-तास ऊर्जा लागते. रस्त्याचे घर्षण आणि मोटरमधील घट मिळवली की आकडा दोनशेच्या पुढे जातो, आणि त्यातील काही वाटा स्वाराचे पाय उचलतात. म्हणजे नव्या बॅटरीवर हा घाट दोनदा निश्चिंतपणे चढता येतो. दोन-तृतीयांशावर आलेल्या बॅटरीत ३३० वॉट-तास उरतात. त्यांत एक चढण नक्की होते. दुसरीचा भरवसा राहत नाही.

आता किलोमीटरचा भाव काढू. चांगल्या लिथियम बॅटरीकडून साधारणतः ५०० पूर्ण भरण्यांची अपेक्षा धरतात. दोनदा अर्धी भरली तर ती एकच भरणी मोजावयाची. चढणीच्या रस्त्यावर एका भरणीत ४० किलोमीटर धरले, तर ५०० भरण्यांत २०,००० किलोमीटर होतात. साठ हजार रुपये त्यांत वाटले की बॅटरीचा भाव किलोमीटरला तीन रुपये येतो. विजेचा खर्च मात्र किलोमीटरला अवघा पंधरा पैसे! ‘चालवायला फुकट’ असे म्हणून ही सायकल विकली जाते. विजेपुरते ते जवळजवळ खरेही आहे. पण वीज साठवण्याचे भांडे महाग आहे, आणि खरा खर्च त्या भांड्याचा आहे.

याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. लिथियम बॅटरी वापराने झिजते, तशीच ती केवळ काळानेही झिजते. घोंगडीखाली झाकून ठेवली म्हणून तिचे वय थांबत नाही. ती सहा वर्षांत उतरणीला लागेल असे धरा. जो वर्षाला फक्त १,००० किलोमीटर चालवतो, त्याचे सहा वर्षांत ६,००० किलोमीटर होतील आणि त्याला बॅटरी किलोमीटरला दहा रुपयांना पडेल. वर उल्लेखिलेले वडील आठवड्याला ४० किलोमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे २,००० किलोमीटर चालवतात. त्यांना ती पाच रुपयांना पडते. गोदामात पडून राहिलेला माल व्याज खातो, हे आपण जाणतो. पडून राहिलेली बॅटरी तर स्वतःचे मुद्दलच खाते. म्हणून जपून ठेवण्यात बचत आहे, हा समज या वस्तूपुरता सोडून द्यावा. त्याच कारणाने ‘स्वस्त मिळते आहे’ म्हणून दुसरी बॅटरी आधीच घेऊन ठेवणेही अहिताचे आहे. नवी घ्यावयाची तेव्हाही तिच्यावरील उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावी.

त्या कुटुंबाने अखेर काय केले? आधी अधिकृत विक्रेत्याकडून बॅटरीची उरलेली धारणशक्ती मोजून घेतली. काही उत्पादकांच्या विक्रेत्यांकडे त्यासाठी खास उपकरण असते. मग मोटरचा आवाज, तिच्या आसाचा सैलपणा आणि सांगाड्याचे जोड तपासून घेतले. हे तिन्ही ठीक निघाले. साठ हजार रुपये सहा वर्षांत वाटले, तर वर्षाला दहा हजार होतात, आणि नव्या सायकलीची किंमत त्याच्या कितीतरी पट होती. नवी बॅटरी घेतली गेली. मोटर किंवा सांगाडा सदोष निघाला असता, तर उलट निर्णय योग्य ठरला असता; कारण खंगलेल्या यंत्रात नवी बॅटरी घालणे म्हणजे बुडीत खात्यात आणखी रक्कम घालणे होय. तो निर्णय घेण्यापूर्वी वडिलांच्या रविवारचे मोल कोणी रुपयांत मांडले नाही, तरी ते हिशेबातून वगळलेही नाही, हे विशेष.

बॅटरीचे आयुष्य वाढवणाऱ्या सवयी साध्या आहेत. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत दुकानातून मान वर काढायला फुरसत नसते आणि सायकल महिना-दोन महिने उभी राहते. अशा वेळी बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. ३० ते ६० टक्के भरलेली बॅटरी सायकलीवरून काढून कोरड्या, थंड जागी ठेवावी आणि दोन महिन्यांनी एकदा पाहावी. वैशाखातील उन्हात बंद मोटारगाडीत ती कधीही सोडू नये. चालवून आल्यावर तापलेली बॅटरी लगेच चार्जरला न लावता निवू द्यावी. रोजच्या वापरात गरज नसताना शंभर टक्के भरण्याचा आग्रहही धरू नये.

यापुढचा मुद्दा सुरक्षिततेचा असून त्यात काटकसरीला स्थान नाही. स्वस्त, अनोळखी चार्जर वापरणे, कोठेतरी सेल बदलून घेतलेली बॅटरी बसवणे, जोरात आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी तशीच वापरत राहणे, यांतून आगी लागतात. अशा आगींमुळे न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये कायदा करून प्रमाणित नसलेल्या विजेच्या सायकली आणि बॅटऱ्या विकण्यास मनाई केली. आपल्या घरांच्या रचनेत तर खाली दुकान किंवा कापडाचा साठा आणि वर बिऱ्हाड, असे पुष्कळदा असते. बॅटरी जिन्यात, दाराच्या वाटेवर किंवा मालाच्या थप्पीजवळ भरू नये, आणि घरात सारे झोपलेले असताना तर मुळीच भरू नये. प्रवासाविषयीही एक लक्षात ठेवावे: १६० वॉट-तासांहून मोठी बॅटरी प्रवासी विमानातून नेता येत नाही. त्यामुळे लेहला किंवा परदेशी सायकल नेण्याचा बेत असेल तर तिकीट काढण्यापूर्वीच त्याचा विचार व्हावा. निकामी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे ती द्यावी आणि पोच घ्यावी.

ज्यांच्या घरी अशी सायकल अजून आलेली नाही, त्यांनी खरेदीपूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. या मॉडेलची बॅटरी पुढे किती वर्षे मिळेल आणि आज तिची सुटी किंमत काय? मोटर बिघडली तर ती येथे दुरुस्त होते की पूर्ण बदलावी लागते? मोटरमधील प्रणाली तपासण्याचे साधन आपल्याकडे आहे, की सायकल दुसऱ्या शहरात पाठवावी लागेल? आणि मोटरची शक्ती २५० वॉटच्या व साथ २५ किलोमीटर वेगाच्या मर्यादेत आहे ना? ही मर्यादा पाळणारी, पेडलसोबतच चालणारी सायकल आपल्या देशात मोटार वाहन गणली जात नाही. ती ओलांडली की नोंदणी, परवाना आणि विमा यांचे प्रश्न उभे राहतात. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या सायकलीला बसत नाही. म्हणून आज आपण सायकल निवडतो तेव्हा पुढील आठ-दहा वर्षांचा पुरवठादारही निवडत असतो. पुरवठादाराची पत पाहून व्यवहार करणे तर आपल्या अंगवळणी पडलेले आहे.

सायकल घरी आली की वहीत एक पान तिच्या नावे काढावे. वर खरेदीची तारीख, सांगाड्याचा आणि बॅटरीचा क्रमांक लिहावा. खाली साखळी, पॅड, तेल यांच्या तारखा आणि किलोमीटर नोंदवावेत. पहिल्या महिन्यापासून आठशे-हजार रुपये बॅटरीच्या तरतुदीत टाकावेत. सहा वर्षांनी साठ हजारांचा आकडा समोर आला, तर रक्कम तयार असेल आणि घरात वादाचे कारण उरणार नाही. सायकल मध्येच विकावी लागली, तरी नोंदी ठेवलेल्या सायकलीला गिऱ्हाईक अधिक विश्वासाने भाव देईल.