सर्व्हर तुमचा, पण अ‍ॅप कुणाचं?

राजेहो, आपल्या आयटीवाल्या मंडळीत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "घरी नॅव्हीड्रोम टाकलं, आता गाण्यांचं टेन्शन संपलं!" थांबा जरा. सर्व्हर टाकणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. डॉकरच्या चार ओळी लिहिल्या की झालं. पण गाणी ऐकायची असतात मोबाइलवर, आणि खरं घोडं अडतं ते तिथेच.

मुळात हा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी थोडी उजळणी. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये गेलं. गानाची फुकट सेवा २०२२ मध्ये संपली. २०२४ मध्ये रेसो भारतातून गेलं आणि त्याच वर्षी एअरटेलनं विंक गुंडाळलं. यात फ्लाइटवाले मात्र वाचले, कारण तिथे साधी एमपीथ्री फाइल हातात मिळायची. दुकान गेलं, गाणी राहिली. बाकी काही ठिकाणी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या हवेत!

म्हणजे फाइल आपली हवी, हे ठरलं. पण मग अ‍ॅप निवडताना आपण तीच चूक का करतो? रेटिंग बघितलं, डाउनलोड केलं, संपलं. आधी बघा की ते अ‍ॅप सर्व्हरशी कोणत्या भाषेत बोलतं. सबसॉनिकचा कोड २०१६ मध्ये बंद झाला, पण त्याची एपीआय आजही जिवंत आहे. नॅव्हीड्रोम, गॉनिक हे सर्व्हर तीच बोलतात आणि सिंफोनियम, अल्ट्रासॉनिक, आयफोनवरचं अँपरफाय ही अ‍ॅप्सही. टेम्पोचं काम थंडावलं तेव्हा कोड खुला असल्यानं दुसऱ्यांनी ते टेम्पस म्हणून पुढे नेलं. अ‍ॅप मरू शकतं हो, आपलं ऐकणं मरू नये. जेलीफिनची एपीआय वेगळी, त्याच्यासाठी फिनअ‍ॅम्प आहे. म्हणून माझं म्हणणं असं की आधी अ‍ॅप बघा, सर्व्हर मग.

दुसरा मुद्दा आपल्या गाण्यांचा. बहुतेक अ‍ॅप्सना जग दिसतं ते 'आर्टिस्ट' आणि 'अल्बम' एवढंच. आता आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' घ्या. नाटक १९६७ चं, संगीत अभिषेकीबुवांचं, गायले वसंतराव देशपांडे. त्याच नावाचा सिनेमा २०१५ चा, त्यात शंकर-एहसान-लॉय आहेत आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडेही. नुसतं अल्बमचं नाव बघणारं अ‍ॅप इथे हमखास खिचडी करणार. संगीतकाराचा टॅग फाइलमध्ये असतो, पण अ‍ॅप तो दाखवतच नसेल तर अभिषेकीबुवा शोधायचे कुठे? आणि देवनागरीत 'वसंतराव' टाइप केल्यावर काही सापडत नसेल, तर ते अ‍ॅप कितीही देखणं असो, आपल्या कामाचं नाही.

तिसरं, ऑफलाइन. नागपूर-पुणे रात्रीच्या गाडीत नेटवर्कच्या भरवशावर बसून बघा एकदा! अख्खा अल्बम उतरवून ठेवता येतो का आणि नेट नसताना अ‍ॅप मुकाट्यानं उघडतं का, हे घरीच एअरप्लेन मोडवर तपासा. बरेच प्रोव्हायडर सीजीनॅटच्या मागे ठेवतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून घरी पोचता येत नाही. तिथे टेलस्केल कामी येतं.

आता कडू भाग. 'सेल्फ-होस्टिंग म्हणजे सगळं फुकट' असं मानणारी जमात. स्वतः महिन्याच्या पगारासाठी कोड लिहिणार, पण दुसऱ्यानं सुट्टीच्या दिवशी लिहिलेलं अ‍ॅप फुकटच पाहिजे, वरून एक स्टार देऊन शिव्या! सिंफोनियमचे पैसे एकदाच द्यायचे असतात, दरमहा नाही. त्याचा कोड खुला नाही हे मान्य, पण भाषा खुली असल्यानं उद्या ते बंद पडलं तरी दुसरं जोडता येतं. आणि कोडही खुला हवा असेल तर तेही बरोबरच, पण मग तिथे देणगी द्या, नाहीतर निदान एक नीट बग रिपोर्ट लिहा. देवनागरी शोध बिघडलाय हे आपण नाही सांगितलं, तर त्या बिचाऱ्याला कळणार तरी कसं?

गाणी आपली म्हणायची असतील, तर ती वाजवणाऱ्या अ‍ॅपचा थोडा भार आपणच उचलायला हवा. नाहीतर विंकच्या नावानं रडायचा हक्क आपल्याला नाही.