नितळ आणि निर्मळ

आपल्या मराठीत पाण्याला नितळ म्हणतात आणि निर्मळही म्हणतात. बोलण्याच्या ओघात आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरून मोकळे होतो. परंतु घरातील काचेच्या टाकीत समुद्राचे मासे पाळण्याचा छंद ज्यांना जडला आहे, त्यांनी या दोहोंतील अंतर ध्यानी धरलेले बरे. नितळपणा डोळ्यांना दिसतो. निर्मळपणा मोजावा लागतो.

खानापुरात समुद्राचे मासे कुठून आले, असे वाचक विचारतील. तर समुद्र आम्हांला तसा परका नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते. पण याच तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. पाण्याच्या मागोमाग आमच्याकडचे तरुणही लोंढ्याच्या वाटेने गोव्याला नोकरीस जातात. अशाच एका माजी विद्यार्थ्याने आपल्या कन्येच्या हट्टाखातर घरी शंभर लिटरची टाकी मांडली आणि तीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे सोडले. दोन-तीन महिने सारे सुरळीत चालले. पुढे गणेश चतुर्थी आली. पाहुणे येणार म्हणून आजीबाईंनी टाकीतील वाळू, दगड आणि गाळणीचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊन काढला. टाकी लखलखू लागली. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. “सर, पाणी तर आरशासारखं आहे, मग यांना झालं काय?” असे त्या मुलीने आम्हांला विचारले, तेव्हा आजीबाई बाजूला डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

झाले होते ते असे. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. तो विषारी असतो, आणि पाण्यात विरघळल्यावर त्याला रंग नसतो. वाळूत व स्पंजात वस्ती करणारे काही सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने पुष्कळच सौम्य. या जीवाणूंचा उलगडा रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास केला. नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या बिनमिठाच्या, क्लोरीन घातलेल्या पाण्याने ती घटकाभरात उद्ध्वस्त होते. आजीबाईंनी धुतली ती घाण नव्हती, टाकीचे सफाई कामगारच होते. दोष त्यांचा नव्हे. ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. स्पंज धुवायचाच तर टाकीतूनच बादलीभर पाणी काढून त्यात हलकेच पिळावा, आणि वाळू व स्पंज एकाच दिवशी हलवू नयेत.

समुद्राच्या टाकीत हा धोका गोड्या पाण्याहून अधिक असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो. ७ सामूच्या पाण्याशी तुलना करता, अमोनियाचा जो भाग खरा घातक असतो, तो येथे सुमारे दहापट भरतो. म्हणून अमोनिया आणि नायट्राइट यांची नोंद शून्यच हवी. चाचणीचे संच बाजारात मिळतात: नळीत टाकीचे पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. तो दिवसाच्या उजेडात पाहावा, आणि औषधाच्या बाटलीवरची मुदतही तपासावी.

दुसरी मोजणी खारटपणाची. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांतून जमविलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिट्मार यांनी केले आणि १८८४ साली दाखवून दिले की, खारटपणा कमीअधिक असला तरी प्रमुख क्षारांचे परस्परांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. यांत सोडियम व क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के. उरलेल्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी. म्हणूनच स्वयंपाकघरातले मीठ येथे चालत नाही, सागरी क्षारांचे तयार मिश्रणच लागते. त्याचे प्रमाण हजारी ३५, म्हणजे शंभर लिटरला सुमारे साडेतीन किलो. आता त्यातून दहा लिटर पाणी उडून गेले, तर मीठ तेवढेच राहते आणि खारटपणा हजारी ३९ च्या घरात जातो. ही तूट खाऱ्या पाण्याने भरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ती गोड्या, क्लोरीनरहित पाण्यानेच भरावी.

कोणी म्हणेल, गोवा जवळच आहे, तिथलेच पाणी कॅनमध्ये भरून आणावे. पावसाळ्यात तर हा विचारही मनात आणू नये. आमच्या रानांत कोसळलेला पाऊस तेव्हा मांडवीतून खाली उतरतो आणि तिच्या मुखापाशी समुद्राचे पाणीही पुष्कळ फिके होते. शिवाय किनाऱ्याच्या पाण्यात काय मिसळले आहे, ते डोळ्यांनी कळत नाही.

पावसाळ्याची आणखी एक काळजी म्हणजे वीज. एकाच उष्णतामानाला खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक-पंचमांश कमी विरघळतो. पंप थांबला की मासे लवकर गुदमरतात. यास्तव बॅटरीवर चालणारा लहानसा हवेचा पंप घरात असावाच.

त्या घरी चाचणी केली तेव्हा अमोनियाच्या नळीत गडद हिरवा रंग आला. तेवढ्याच खारटपणाचे आणि तेवढ्याच उष्णतामानाचे पाणी करून निम्मी टाकी बदलली, खाद्य थांबविले, आणि रोज मोजणी सुरू झाली. एक मासा गेला, एक वाचला. अमोनिया शून्यावर यायला महिना लागला. मुलीने त्या महिन्याची वही ठेवली आहे: तारीख, उष्णतामान, खारटपणा, सामू, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. शाळेत हजेरीपट जे सांगतो तेच ही वही सांगते. एका दिवसाच्या आकड्यावरून फारसे उमगत नाही. आठवड्यांमागून आठवडे आकडा कुठे सरकतो आहे, ते पाहिले म्हणजे संकट येण्याआधी कळते.

समुद्रातल्या माशाला पाणी मानवले नाही तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. टाकीतल्या माशाला जायला जागा नाही. त्याचा समुद्र म्हणजे आपण जपू तेवढाच. आठवड्यातून अर्धा तास आणि एक वही देण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी हा छंद खुशाल करावा. ज्यांची नसेल, त्यांनी मुलांना गोव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी न्यावे आणि खडकांतल्या डबक्यांत मासे दाखवावेत.