आधी हॅट धरायला शिका

गोव्याच्या ट्रिपला बीचवर हॅट घेतली नाही असा ग्रुप दाखवा. आणि परत आल्यावर ती हॅट कुठे गेली हे सांगू शकणारा त्यातला एक जण दाखवा. त्या हॅट बऱ्याचदा कागदाच्या सुतळीच्या नाहीतर प्लास्टिकच्या असतात, एका पावसात मान टाकतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते खरी, जुनी हॅट हातात आल्यावरही आपण तिच्याशी तसंच वागतो, त्याबद्दल. मी वागलेय, म्हणून सांगतेय.

माझे अप्पा, म्हणजे आईचे वडील, रत्नागिरीचे. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर. पनामा कालव्यातून जाताना कोलोन बंदरात त्यांनी हौसेने एक हॅट घेतली होती. नंतर ती माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होती. गेल्या वर्षी कॉलेज फेस्टला 'रेट्रो डे' होता, मी ती मागून आणली. आणि रील काढताना, सिनेमातला हीरो उचलतो ना, अगदी तशी, पुढून माथ्याला चिमटीत धरून उचलली. कट्! जिथे बोटं होती तिथे दोन चिरा. रील मस्त चाललं. अप्पांना हॅट परत दिली तेव्हा त्यांनी चिरांवरून अंगठा फिरवला आणि जेवायला चल म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं.

मग सुचलं शहाणपण. शोधायला लागले तर पहिला धक्का नावातच बसला. पनामा हॅट पनामाची नाहीच, ती इक्वेडोरची. तिथून माल पनामामार्गे जगभर जायचा, म्हणून तेच नाव चिकटलं. त्यात 1906 मध्ये थिओडोर रूझवेल्ट कालव्याचं काम बघायला गेले, तिथला त्यांचा ही हॅट घातलेला फोटो गाजला आणि नाव पक्कंच झालं. विणणारे राहिले बाजूला. 'टोकिया' नावाच्या, ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाची कोवळी पानं चिरायची, उकळायची, वाळवायची आणि त्या धाग्यांनी माथ्याच्या मधोमध सुरुवात करून गोल गोल विणत कडेपर्यंत यायचं. मोंतेक्रिस्ती गावचे विणकर ओणवे होऊन, लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून विणतात. उन्हात धागा कडक होऊन तुटतो, त्यामुळे काम सकाळी नाहीतर संध्याकाळनंतर. साधी हॅट एका दिवसात होते, अतिशय बारीक विणीच्या हॅटला आठ महिनेही लागतात. 2012 मध्ये युनेस्कोने या विणकामाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आठ महिन्यांचं काम आणि माझी एक चिमटी!

तुम्ही म्हणाल, एवढं काय, हॅटच तर आहे. मलाही असंच वाटायचं. म्हणून सांगते, एकदा स्वतःच्या हाताने हॅटला आकार देऊन बघा. अप्पांच्या हॅटवर प्रयोग करायची हिंमत नव्हती, म्हणून चोर बाजारातून एक चपटी झालेली जुनी स्ट्रॉ हॅट आणली. ही वेगळ्या जातीची, काडाच्या वेण्या घालून त्या गोल गोल शिवलेली. (इंग्लंडमधलं ल्यूटन अशा हॅटसाठी प्रसिद्ध होतं. फुटबॉलवाल्यांनो, ल्यूटन टाउनला 'द हॅटर्स' उगाच म्हणत नाहीत.)

हॅटवाल्यांकडे लाकडी साचा असतो. माझ्याकडे टॉवेल गुंडाळलेला स्टीलचा डबा होता. पातेल्यात पाणी उकळायचं, आतली चामड्याची पट्टी आधी बाहेर उलटून घ्यायची, कारण वाफ लागली की ती आक्रसते आणि हॅट डोक्यात शिरत नाही. मग हॅट वाफेवर वीतभर उंच, सतत फिरवत धरायची. कडकपणासाठी लावलेली खळ सैल होते, काड मऊ पडतो. तेवढ्या वेळात, अर्ध्याएक मिनिटात, बोटांनी दाबून हवा तो आकार द्यायचा आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी दोनदा मध्येच उचलून बघितली, दोनदा वाकडी झाली. तिसऱ्यांदा कड सरळ आली तेव्हा बोटं भाजलेली होती आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचत होते.

माझा राग आहे तो 'व्हिंटेज कलेक्शन' या शब्दावर. दहा हॅट भिंतीवर खिळ्यांना टांगल्या की झालं कलेक्शन! खिळ्याच्या टोकाशी विणीवर ताण येतो हे माहीत नसतं. दुसरं टोक म्हणजे आमची ट्रंक. कोरड्या हवेत वर्षानुवर्षं बंद राहिलेला धागा ठिसूळ होतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात बंद राहिला तर बुरशी. खरं सांगायचं तर अप्पांची हॅट निम्मी त्या ट्रंकेने मोडली, निम्मी मी. जुनी वस्तू आपल्याकडे असणं आणि ती आपल्याला कळणं यात फरक आहे. पैसे टाकून पहिलं होतं, दुसऱ्यासाठी हात भाजावे लागतात. पाच हॅट घेण्यापेक्षा एकच घ्या, ती कुठली, कशी विणलीय हे भिंगातून बघा, आणि घाला. घातलेली हॅट निदान कुणाच्या तरी नजरेखाली राहते.

अप्पांच्या हॅटला आतून पातळ मलमलीचा तुकडा गोंदाने चिकटवलाय. चिरा दिसतात, पण वाढत नाहीत. आता ते संध्याकाळी फिरायला जाताना ती घालतात आणि घरी आले की टेबलावर उलटी, माथ्यावर टेकवून ठेवतात, म्हणजे कड चपटी होत नाही. हे मी नाही शिकवलं, त्यांना आधीपासून माहीत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल तर जून लागायच्या आत उघडा. आणि हॅट निघालीच, तर दोन्ही हातांनी, कडेला धरून काढा.