बॅटरी बदलण्याआधी

मुरब्याची हवा बोंबील वाळवायला चांगली, गाडीला मात्र वाईट. खारा वारा लोखंड खातो आणि तांबे हिरवे करतो. आमच्या १५ वर्षांच्या गाडीने हे आम्हाला एका रात्री शिकवले.

इशानंतर अम्मीला दम लागला. तिला घेऊन बोईसरला निघालो तर वाटेत हेडलाइट पिवळे पडत गेले आणि गाडी बंद पडली. एका रिक्षावाल्या भावाने अम्मीला दवाखान्यात पोहोचवले. अल्लाहच्या कृपेने ती बरी झाली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणाला, "बॅटरी गेली." तपासणी न करताच आम्ही नवी घेतली. दोन आठवड्यांत तीही उतरली.

बॅटरी वीज बनवत नाही, फक्त साठवते. वीज बनवतो अल्टरनेटर, म्हणजे डायनामो. तो भरत नसेल तर कितीही नवी बॅटरी घाला, ती रिकामी होणारच. शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुवीज बनते आहे आणि आमच्या गाडीत १४ व्होल्ट बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हते!

मग साधा मल्टिमीटर आणला. असे तपासा:

१. पट्टा पाहा. इंजिन बंद असताना अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक सेंटीमीटर दबावा. ढिला किंवा चिरलेला नसावा.

२. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास ठेवा. १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसावेत.

३. इंजिन चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. १३ च्या खाली म्हणजे चार्जिंग नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला.

४. किल्ली फिरवताच बॅटरीचा लाल दिवा लागावा आणि इंजिन सुरू होताच विझावा. मुळीच लागत नसेल तर आधी बल्ब पाहा. अनेक जुन्या गाड्यांत या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते.

आमचा पट्टा ठीक होता, दिवाही वेळेवर विझत होता. हेडलाइट लावून मोजले तर अल्टरनेटरवर १४.३, पण बॅटरीवर १२.४. वीज बनत होती, वाटेत हरवत होती. मीटरची एक टोचणी अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवली, तेव्हा १.८ दिसले. खरे तर तिथे ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त नको. आवरण कापून पाहिले तर लगमध्ये तांबे हिरवे, भुसभुशीत झालेले. तेवढीच जाडीची नवी तार आणि लग बसवला, आणि बॅटरीवर १४.१ आले. खर्च नव्या बॅटरीच्या मानाने अगदी किरकोळ.

काम करताना बॅटरीची मायनस तार आधी काढा आणि शेवटी लावा. चालू इंजिनवर बॅटरी कधीही काढू नका, डायोड जळतात. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, वाळवा आणि पेट्रोलियम जेली लावा. समुद्राकाठी हे दर दोन-तीन महिन्यांनी करावे.

आपला दीन इसराफपासून दूर राहायला सांगतो. न तपासता घेतलेली बॅटरी हाही इसराफच. आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याला नेणारी गाडी ही घरातली अमानत आहे. आज जुम्याच्या नमाजेनंतर बॉनेट उघडून पाच मिनिटे तरी द्या.