घराचे डिपॉझिट : पावती मागायला लाजू नका

गेल्या पंधरवड्यात एक ताई आमच्याकडे आल्या. पती हंगामी कामगार, स्वतः चार घरची धुणीभांडी करतात. तीन वर्षे एका खोलीत राहिल्या. खोली सोडल्यावर चाळीस हजारांचे डिपॉझिट मागायला गेल्या, तर मालक म्हणाला, "पंचवीस हजार रंगाला गेले. उरलेले दिवाळीनंतर बघू." त्या पैशात ताईंची भिशी होती आणि गळ्यातली पोतही मोडलेली होती. आम्ही विचारले, पावती कुठे आहे? तर म्हणाल्या, "मालक ओळखीचेच होते. पावती कशी मागायची?"

भाजीवाल्याकडून एक रुपया परत घ्यायला आपण विसरत नाही, आणि चाळीस हजार देताना मात्र आपल्याला संकोच वाटतो!

डिपॉझिट ही मालकाकडे ठेवलेली आपली अनामत आहे. थकलेले भाडे, वीजबिल, आपल्या हातून झालेली मोडतोड, एवढे त्यातून वजा होणे समजू शकते. पण तीन वर्षांत भिंतीचा रंग उडणारच. भाडेकरूने जागा होती तशी परत द्यावी असे सांगणारा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही वापराने होणारी साधारण झीज सोडून देतो. मात्र 'रंगाचा खर्च राहणाऱ्याचा' असे करारात लिहून त्यावर आपण सही केली असेल, तर भांडण अवघड होते. म्हणून सहीआधी करार शिकणाऱ्या मुलामुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आपल्या बाजूने बरेच बोलतो. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नुसत्या नोटरीने नोंदणी होत नाही. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवायचे काम मालकाचे. कलम २६ सांगते, जागेसंबंधी घेतलेल्या कोणत्याही रकमेची लेखी पावती मालकाने दिलीच पाहिजे.

डिपॉझिट किती असावे, याला मात्र हा कायदा मर्यादा घालत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तेव्हा एजंट काहीही सांगो, आकडा करारात लिहून घ्या आणि रक्कम बँकेतूनच द्या. 'हेवी डिपॉझिट'वाल्यांनी तर दुप्पट जपावे, कारण तिथे आयुष्याची पुंजी अडकते. खोलीत शिरताना आणि सोडताना भिंती, नळ, दारांचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा. पैसे हातात पडतील तेव्हाच किल्ली द्यावी, असे आधीच ठरवून करारात घालावे.

ताईंचा करार नोंदवलेला नव्हता. पण डिपॉझिटचे वीस हजार पतीच्या खात्यातून गेले होते. पासबुकात ती नोंद सापडली, तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही साध्या मराठीत मागणीपत्र लिहून स्पीड पोस्टाने मालकाला पाठवले आणि पोचपावती जपून ठेवायला सांगितले. उत्तर आले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे वकील मोफत मिळतो. जातीचा दाखला, पासबुक आणि वीजबिल सोबत न्यावे. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. दिवाळीची वाट बघत ती घालवू नये.